दोन थापांमधली उसंत

मादिहिन या जागच्या जागी रचून गायच्या प्रकारात गाणारा चौथी ओळ संपवतो आणि तारबांग या डफासारख्या वाद्यावर त्याचा पंजा पडू लागतो. चार थापा, आठ थापा, कधी बऱ्याच जास्त. समोर बसलेल्यांना वाटतं, ठेका रंगतोय. गाणाऱ्याचं डोकं मात्र ठेक्यात नसतं. पुढच्या चार ओळी कोणत्या अक्षरावर संपवायच्या हे त्याला आता ठरवायचं असतं, आणि तेही हात चालू आहे तोवर. थाप थांबली की तोंड उघडावंच लागतं.

बंजार लोकांच्या मौखिक कलांचं सगळं बांधकाम मला या उसंतीभोवती उभं राहिलेलं दिसतं. कलाकाराने लोकांसमोर, तिथल्या तिथे, नवं बोलायचं हा पहिला नियम. आणि सुचायला जो वेळ लागतो तो कुठून तरी काढायचा, म्हणून बाकीचे सगळे नियम.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हे बंजार म्हणजे आपल्याकडचे बंजारा नव्हेत; नावातलं साम्य योगायोगाचं आहे. बंजार लोक बोर्निओ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यातले, इंडोनेशियाच्या दक्षिण कालिमांतान प्रांतातले. बारितो आणि मार्तापुरा या नद्यांचा, दलदलीचा, होड्यांचा हा मुलूख. बंजारमासिन हे त्याचं मुख्य शहर. तिथली सल्तनत १५२६ सालची. ती डचांनी १८६० मध्ये बरखास्त केली. नदीच्या वरच्या अंगाला कांडांगान, बाराबाई, आमुंताई ही गावं असलेल्या पट्ट्याला हुलु सुंगाई म्हणतात. मौखिक साहित्याचा मोठा साठा या पट्ट्यातला. इथूनच पोटापाण्यासाठी सुमात्रातल्या तेंबिलाहानला आणि मलेशियातल्या पेराकला गेलेल्या बंजार कुटुंबांनी आपली बोली सोबत नेली. तेंबिलाहानमध्ये मादिहिनही पोचलं.

मादिहिन कळायचं असेल तर आधी बोलीचे स्वर मोजावेत. हुलु बोलीत स्वर तीनच: आ, इ, उ. इंडोनेशियन भाषेतला ‘बेसार’, म्हणजे मोठा, इथे ‘बासार’ होतो. ‘ओरांग’, म्हणजे माणूस, ‘उरांग’ होतो. ‘एम्पात’, म्हणजे चार, ‘आम्पात’ होतो. नदीच्या मुखाकडच्या, बंजारमासिनच्या क्वाला बोलीत स्वर जास्त आहेत. तीनच स्वर म्हटल्यावर यमकांचा सुकाळ होणारच. शिवाय क्रियापदाला ‘आकान’ हा प्रत्यय लागला की शेवट आपोआप जुळतो: ‘मांगिसाहाकान’ म्हणजे गोष्ट सांगणे, ‘मांदांगाराकान’ म्हणजे ऐकणे. नवशिक्याला हे वरदान वाटतं आणि तो इथेच फसतो. प्रत्ययावर प्रत्यय जुळवत गेला की चौथ्या कडव्याला ऐकणारे कंटाळतात. आपल्याकडे ‘गेला-आला-झाला’ जुळवणाऱ्या कवीला जी दाद मिळते, तीच. मुरलेला गाणारा प्रत्यय टाळून नामावर ओळ संपवतो, आणि ते नाम समोर बसलेल्या कुणाचं असेल तर फारच उत्तम.

या सगळ्याच्या मुळाशी पांतुन आहे. चार ओळी. पहिल्या दोन ‘सांपिरान’, शेवटच्या दोन ‘इसी’, म्हणजे आशय. सांपिरानचा आशयाशी अर्थाने संबंध असलाच पाहिजे असं नाही. नाद जुळला की झालं. मराठी वाचकाला हे समजावायला उखाण्याइतकं सोपं काही नाही. चांदीच्या वाटीचा आणि नवऱ्याच्या नावाचा जितका संबंध, तितकाच सांपिरानचा आणि इसीचा. वळण दिसावं म्हणून इथे रचलेल्या या चार ओळी पाहा:

मानुकार इवाक का पासार लामा,
बाकायुह जुकुंग साबालुम तिंगी हारी,
कामी बामादिहिन बासामा-सामा,
मुन आदा सालाह जांगान दिसारिकी.

जुन्या बाजारात मासे घ्यायला, उन्हं चढायच्या आत होडी वल्हवत. आम्ही मिळून मादिहिन गातोय, काही चुकलं तर रागावू नका. ‘लामा’ला ‘सामा’, ‘हारी’ला ‘दिसारिकी’. मासे, होडी, सकाळ यांचा माफी मागण्याशी काही संबंध नाही. पण या दोन ओळी म्हणेपर्यंत गाणाऱ्याला वेळ मिळतो आणि ऐकणाऱ्याला हुरहूर लागते, आता ‘लामा’ला काय जुळवणार? हातखंडा असलेला माणूस उलटं काम करतो. तिसरी आणि चौथी ओळ आधी मनात पक्की, मग त्यांच्या शेवटाला जुळणारी पहिली आणि दुसरी शोधायची. तोंडाने मासे विकत घेत असताना डोक्यात टोमणा तयार असतो. नवशिका पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो, ‘जुकुंग’सारख्या शब्दावर ओळ संपवून बसतो आणि मग ‘उंग’ने संपणारा अर्थपूर्ण शब्द शोधत राहतो. तो सापडला नाही की थापा लांबतात. थापा लांबल्या की पुढच्या रांगेतली मंडळी ओळखतात, गडी अडकला.

मादिहिन म्हणजे याच पांतुनचं आणि लांबलचक एकयमकी रचनेचं तारबांगवरचं गायन. गाणाऱ्याला पामादिहिनान म्हणतात. नावाबद्दल दोन मतं आहेत. एक, अरबी ‘मदह’, म्हणजे स्तुती. दुसरं, बंजार भाषेतलं ‘पापादाहान’, म्हणजे उपदेश. खरं तर सादरीकरणात दोन्ही असतं, वर तिसरी गोष्ट, खेचाखेच. आणि लोक येतात ते तिसरीसाठी. उगमाबद्दलही असंच. कुणी कांडांगानकडच्या आंगकिनांग भागातल्या ताविया गावाचं नाव घेतं, कुणी उत्तरेकडच्या पारिंगिनचं, तर कुणी मलाक्काकडे बोट दाखवतं. ताविया म्हणणाऱ्यांच्या तोंडी दुल्लाह न्यांगन्यांग या जुन्या पामादिहिनानचं नाव असतं.

तारबांग म्हणजे एका बाजूने मढवलेला डफाच्या जातीचा चर्मवाद्याचा प्रकार, पण कड डफापेक्षा खोल, जाड लाकडाची. मादिहिनचा तारबांग साधारण फूटभर व्यासाचा. त्यावर बोकडाचं कातडं, वेताने आवळून बसवलेलं. दलदलीच्या मुलखातल्या ओल्या हवेत कातडं सैलावतं आणि ‘तांग’चा ‘दब’ होतो. हलगी शेकल्याशिवाय वाजवायची नाही हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पण इथे अडचण दुहेरी आहे. सैल कातड्याची थाप अंगणाच्या टोकाला पोचत नाही, आणि तिचा नाद रेंगाळतो. नाद रेंगाळला की ओळीचं शेवटचं अक्षर त्यात बुडतं, आणि यमक ऐकू आलं नाही तर मादिहिनमध्ये उरतंच काय? माइक आल्यापासून हाच घोळ दुसऱ्या बाजूने होतो. माइक तारबांगच्या जवळ ठेवला तर थाप मोठी आणि शब्द लहान होतो. तो तोंडाशी हवा, आणि वाद्य त्याच्या खालच्या अंगाला.

क्रम ठरलेला आहे. पहिली थाप पडते, पांतुनचं नुसतं सांपिरान गायलं जातं, आणि त्यातून आजच्या विषयाची चाहूल लागते. मग ‘ताबी’: यजमानांना, वडीलधाऱ्यांना, जमलेल्यांना नमस्कार आणि आधीच मागितलेली माफी. तिसरा भाग ‘मामाचाह बुंगा’, शब्दशः फूल फोडणे, कळी उमलवणे: विषय काय, कशासाठी, हे उलगडायचं. त्यानंतर आशय. शेवटी समारोपाचं पांतुन, आभार, पुन्हा माफी. ओळीत निदान चार शब्द असावेत असा दंडक. चाल एकच, थोडी वरखाली होणारी.

ताबीचा भाग आज सगळ्यांत आधी कापला जातो. सरकारी समारंभात दहा मिनिटं मिळतात, आयोजक म्हणतात, नमस्कार-चमत्कार नको, थेट विषयावर या. पण ताबी म्हणजे शिष्टाचार नुसता नव्हे. त्या पाच मिनिटांत पामादिहिनान समोरची माणसं वाचून घेतो. गावचा प्रमुख कुठे बसलाय, कोण उशिरा आला, कोणाच्या डोळ्यांवर झोप आहे, कोणाची टोपी नवी आहे. ताबीतल्या ओळी बहुतेक पाठ असतात, म्हणूनच डोळे मोकळे राहतात. तिथे गोळा केलेला माल पुढच्या तासाभरात खर्च होतो. ताबी कापली की गाणारा घरून आणलेलं म्हणतो, मग ते कितीही सुंदर असो.

एकटा गाणारा असेल तर हात, गळा आणि विनोद तिन्ही त्यालाच सांभाळावं लागतं. दोघे असले की निम्मा भार हलका होतो. एक गात असताना दुसरा विचार करतो. पण आता तो आपला विचार करून भागत नाही. समोरच्याने जे फेकलं त्याला त्याच यमकात उत्तर द्यावं लागतं. चौघे असले तर दोन जोड्या, सवाल-जवाब. इथे एक संकेत पाळला जातो: चिमटा काढायचा तो जोडीदाराला, त्याच्या पोटाला, त्याच्या उधारीला, त्याच्या सासुरवाडीला. श्रोत्यांपैकी कुणाचं नाव घ्यायचं तर त्याला गंमत वाटेल इतपतच. त्याच्या वर्मावर बोट पडलं तर शेवटची माफी कामाला येत नाही.

जुन्या समजुतीप्रमाणे ही विद्या अदृश्य जगातल्या दातु मादिहिनकडून येते. त्यासाठी वर्षातून एकदा ‘आरुह मादिहिन’ हा विधी करायचा. दातु आले तर पामादिहिनानच्या अंगात येतं, आणि नाही आलं तर त्याने समजून घ्यावं की आपले दिवस संपले. श्रद्धा बाजूला ठेवली तरी यात एक शहाणपण आहे. न सुचणाऱ्या माणसाला अपमान न होता उठायची वाट मिळते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मादिहिनला मंचावर आणि दूरचित्रवाणीवर मोठा प्रेक्षक मिळवून देणारं नाव म्हणजे जॉन त्रालाला. खरं नाव युसरान एफेंदी. डोक्याला ‘लाउंग’ ही बंजार बांधणी, हातात तारबांग, आणि पुढे मुलगा हेंद्रा जोडीला. २०२२ मध्ये ते गेले. परप्रांतीयांसमोर ते इंडोनेशियन भाषा मिसळून गात. इथे एक अडचण होते, ती त्यांची एकट्याची नव्हे. भाषा बदलली की स्वर वाढतात, यमकं विरळ होतात, आणि शब्दावर खेळणारा विनोद हावभावावर येऊन पडतो. प्रेक्षक हसतो, पण ऐकून कमी आणि पाहून जास्त.

लामुत हे मादिहिनचं थोरलं भावंड, आणि स्वभावाने अगदी उलट. तारबांग इथेही आहे, पण बराच मोठा. कथन संथ, रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटे चारपर्यंत चालणारं. पालामुतान, म्हणजे लामुत सांगणारा, एकटा बसतो. सजावट नाही, बाहुल्या नाहीत. वायांग म्हणजे बाहुल्यांचा खेळ; ‘बाहुल्यांशिवायचं वायांग’ असं लामुतला म्हणतात ते योग्यच. कथा राजपुत्र कासान मांदी आणि जुंजुंग मासारी यांची. लामुत हा त्या राजपुत्राचा सांभाळ करणारा, सल्ला देणारा म्हातारा. त्याच्याभोवती अंग्लुंग, आंगासिना आणि लाबाई बुरांता ही मंडळी. जावामधल्या वायांगमधला विदूषकी सेवक सेमार आणि त्याची मुलं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही चौकडी ओळखीची वाटेल. गोष्टीचं मूळ मात्र एका चिनी व्यापाऱ्याने आणलेल्या कथेत आहे, असं परंपरा सांगते. तारबांग त्याला नंतर जोडला गेला.

सहा तास नवं सुचत नाही, कुणालाच. म्हणून लामुतमध्ये उसंत वेगळ्या ठिकाणी ठेवलेली आहे. पात्र दरबारात येतं, नाव सांगतं, वाट चालतं, होडीत बसतं, निरोप घेतं. या प्रत्येक जागेची वर्णनं घडीव असतात आणि कथाभर पुन्हा पुन्हा येतात. त्या घडीव वर्णनांच्या आड पालामुतान पुढचा प्रसंग लांबवायचा की आटोपायचा ते ठरवतो. पात्रागणिक आवाज बदलायचा असतो. राजाचा छातीतून, लाबाई बुरांताचा नाकातून आला की ‘तो म्हणाला’ असं सांगावं लागत नाही. पहाटे तीनला घसा बसला की दोन आवाज एक होतात, आणि कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याला कळेनासं होतं. ही चूक वयस्कर पालामुतानच्या हातून जास्त होते, आणि त्याला इलाजही तोच जाणतो: अशा वेळी संवाद कमी करून वर्णन वाढवायचं.

लामुत करमणुकीसाठी होतं तसं नवस फेडायला आणि आजारी माणसासाठीही. तेव्हा पाठीशी ऊद जळतो, पिवळे तांदूळ असतात, आणि ‘पिदुदुक’ मांडलं जातं: तांदूळ, गूळ, नारळ, सुई, दोरा. अशा रात्री कथेत विनोद चालतो. कथा अर्धवट सोडणं चालत नाही.

मामांदा हे नाट्य. इथे आपल्याशी एक खरा धागा जुळतो. मुंबईत १८५३ साली ग्रँट रोडच्या नाट्यगृहात पारशी नाटकमंडळीचे खेळ सुरू झाले. सांगलीहून आलेले विष्णुदास भावेही त्याच साली, त्याच रंगमंचावर उभे राहिले होते. पारशी कंपन्या पुढे समुद्रापार फिरू लागल्या. १८७०च्या दशकात पेनांगमध्ये त्यांच्या खेळांना लोक ‘वायांग पार्सी’ म्हणत. त्या धर्तीवर मलय भाषेत ‘बांगसावान’ नाटकं उभी राहिली. मामाक पुशी यांची कंपनी १८८५ची. अब्दुल मुलुक राजाची कथा करणारी अशीच एक मंडळी, एंचिक इब्राहिम आणि त्यांची पत्नी चिक हावा यांच्या नेतृत्वाखाली, १८९७ मध्ये मलाक्काकडून बंजार मुलखात आली. मार्गासारीच्या लोकांनी ती पाहिली, आपल्या बोलीत घेतली, आणि आधी ‘बादामुलुक’, मग ‘मामांदा’ हे नाव रुळलं. ‘मामा’ या शब्दाला लागलेला आदराचा प्रत्यय म्हणजे ‘मामांदा’. राजा आपल्या प्रधानांना असं हाकारतो. ग्रँट रोडवरचे रंगवलेले पडदे आणि यंत्रं मार्गासारीला पोचलीच नाहीत. पोचले ते राजा, वजीर आणि गाणं. राजासाठी एक टेबल-खुर्ची मांडली की दरबार भरला.

मामांदाला संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरतो, बोलणं जागेवर. भावे यांच्या खेळांतही गद्य भाषणं नट आपल्या मनची करत, हे आठवून बघा. मग वेळ कुठून काढायचा? सुरुवातीला ‘बालादोन’, गात-नाचत येणारं पथक. नंतर दरबार. हारापान पेर्तामा आणि हारापान केदुआ हे दोन पहारेकरी आधी येतात, आपण कोण, कशासाठी, हे सांगतात, राजाला पाचारण करतात. राजा मग मांगकुबुमी, वजीर, सेनापती यांना एकेक करून विचारतो, राज्यात सगळं ठीक ना? प्रत्येक जण ठीक म्हणतो. खोड एवढीच की ‘ठीक’ सांगताना गावच्या पुलाचं, डिझेलच्या भावाचं काहीबाही त्यात सरकवता येतं, आणि खादाम हा विदूषक त्यावर पुढचा सूर लावतो. व्हायोलिन, बाबुन ढोल आणि गाँग मधल्या फटी भरत राहतात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा दरबार कंटाळवाणा वाटतो. महोत्सवात तो पाच मिनिटांवर आणतात. तसं केलं की नट कथेत येतात ते कोरडे: कोण कोणाच्या बोलण्यावर उडी मारतो, कोणाचा आज मूड आहे, कोण गप्प राहणार, याचा अंदाज घ्यायची जागाच गेलेली असते. मग संवाद लिहून पाठ करावे लागतात. पाठ संवादात एक जण चुकला की दुसऱ्याला सावरता येत नाही. मूळ मामांदात चूक हाच पुढच्या विनोदाचा कच्चा माल असायचा.

बाकीचे प्रकार थोडक्यात. भाताच्या कामात गोष्टी सांगण्याचं ‘आंदी-आंदी’ वाद्याशिवाय चालतं. ‘दुंदाम’ अंधारात, तारबांगसह. बारिकिन गाव वायांगसाठी ओळखलं जातं, आणि बंजार वायांगच्या चामडी बाहुल्या जावानी बाहुल्यांपेक्षा लहान. वायांग गोंगमध्ये माणसंच पात्रं होऊन रामायणातले प्रसंग करतात. आलाबिओच्या लोकांचा ‘माहालाबिउ’ तर साधं बोलणंच: वाक्य असं टाकायचं की ऐकणाऱ्याने सरळ अर्थ धरला की तो हरला. याला ना ठेका ना मंच, त्यामुळे महोत्सववाल्यांना तो सापडत नाही आणि म्हणून तो अजून धडधाकट आहे, असं मला वाटतं.

मादिहिनची ध्वनिचित्रमुद्रणं आता हवी तितकी मिळतात. बोली कळत नसली तरी एक करून बघता येतं. शब्द सोडून द्या आणि दोन कडव्यांमधल्या थापा मोजा. दर वेळी आठच्या आठ पडत असतील तर बहुधा पाठ केलेलं आहे. सहा, मग बारा, मग एकदम चार, आणि चारनंतर लगेच हशा आला तर गाणाऱ्याला समोर कोणीतरी दिसलं आहे.